सुटीतली गुरे आणि बारमाही गुराखी

आपल्याकडील जुन्या घराण्यांत उन्हाळ्याच्या सुटीच्या आठवणी निघाल्या, की शेतावरचा गोठा त्यांत हटकून येतो. वार्षिक परीक्षा आटोपली, की इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील घरांतली मुले इनामाच्या गावी किंवा आजोळी जात. शेत मोठे असेच असे नाही. पुष्कळदा एक विहीर, एक-दोन बैलजोड्या, दोन-चार दुभती जनावरे आणि बांधावरची आंब्याची झाडे एवढाच पसारा असे. तेथे मुलांच्या वाट्याला वासरे येत. वासरू सोडणे, बांधणे, त्याला पाणी दाखवणे, त्याच्या कानामागच्या गोचिडी वेचणे, गाय व्याली की खरवसाची वाट पाहणे, यांत दीड-दोन महिने कसे सरत ते कळत नसे.

या आठवणी खऱ्या आहेत आणि आम्हांला त्या प्रियही आहेत. मात्र त्या नीट ऐकल्या, तर त्यांत आणखी एक मूल वावरताना दिसते. तेही दहा-बारा वर्षांचेच. मारक्या गाईजवळ कोणत्या बाजूने जावे, कासरा हाताला गुंडाळून का धरू नये, म्हैस पाण्यातून निघेना तर काय करावे, हे पाहुण्या मुलांना तेच शिकवते. जून उजाडला, की पाहुणी मुले शाळेत परततात आणि हे मूल पहिल्या पावसात गुरे घेऊन रानात जाते. आठवण सांगणाऱ्याला गाईचे नाव आठवते, बैलांची नावे आठवतात. या मुलाचा उल्लेख मात्र बहुधा 'गुराख्याचा पोर' एवढाच होतो. एकाच गोठ्यात, एकाच उन्हाळ्यात, एकच काम करणाऱ्या या दोन मुलांत नेमका फरक काय होता, आणि तो मिटवण्यासाठी आपल्या प्रदेशांत कोणी काय केले, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

चैत्र ते मृग

प्रथम या कामाचे स्वरूप पाहू. रब्बीची पिके निघाली, की शिवार मोकळे होते. ज्वारी, गहू, हरभरा घरात आलेला असतो आणि शेतात धसकटे व वाळलेले गवत उरते. एरवी ज्या बांधाकडे जनावराने तोंड वळवले तरी तंटा होतो, तो बांध या दिवसांत कोणी फारसा पाहत नाही. गावची गुरे एकत्र चरतात. मोठी माणसे नांगरट, कुळवणी, शेणखत वाहणे आणि लग्नकार्ये यांत गुंतलेली असतात. पिकात जनावर शिरण्याची धास्ती कमी असल्यामुळे राखणीचे काम मुलांवर सोपवता येते. शाळेची सुटी आणि मोकळे शिवार यांचा मेळ असा आपोआप बसला होता.

काम मात्र खेळाचे नव्हते. उन्हाळ्यात चारा थोडा आणि पाणी दूर. कडब्याची गंजी मृगापर्यंत पुरवायची, म्हणजे पेंढ्या मोजून सोडायच्या. कडबा अखंड टाकला तर जनावर पाला ओरबाडून बुडखे तुडवते, म्हणून तो तोडून घालायचा. सकाळच्या प्रहरी चरून आलेली गुरे ऊन चढण्याआधी सावलीला बसवायची. विहिरीवर मोट चालू असेल तोवर डोणीत पाणी भरून घ्यायचे. बैल ऊन सोसतो, म्हशीला ते सोसत नाही. तिला डुंबायला पाणी मिळाले नाही तर दूध आटते. गाभण गाय वेगळी बांधायची आणि ती व्यायली की चीक आधी वासराच्या पोटात जाईल असे पाहायचे. खरवस त्यानंतरचा. चिकावाचून वाढलेले वासरू पुढे टिकत नाही, हे अनुभवाने जाणलेल्या घरांत खरवसासाठी मुले कितीही अडून बसली तरी क्रम बदलत नसे.

जनावर आजारी पडते ते बोलून दाखवत नाही. रवंथ थांबणे, कान पडणे, नाकपुडीवरचा ओलावा सुकणे ही पहिली लक्षणे. दिवसभर जवळ असणाऱ्या मुलाच्या ती आधी ध्यानात येत. मृगाच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्या यांचे भय असे. प्रतिबंधक लस टोचण्याची सोय होण्यापूर्वी घटसर्पाने सायंकाळपर्यंत धडधाकट असलेले जनावर सकाळी दावणीलाच मरून पडलेले आढळे. लहान शेतकऱ्याचा एक बैल मेला तर त्या वर्षीची पेरणी सावकाराच्या हाती जाई. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाच्या नजरेवर कुटुंबाचे वर्ष अवलंबून असे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

प्रांताप्रांतांत जनावरे निराळी होती. माळव्यात पांढरी-करडी मालवी, गुजरातेत गीर व कांकरेज गाई आणि मेहसाणी म्हशी, बेळगाव-विजापूरकडे खिलार व कृष्णाकाठची जात, निजामाच्या मराठवाड्यात देवणी, गोव्यात अलीकडे श्वेतकपिला या नावाने नोंद झालेली लहान चणीची पांढरी गाय. बोलही निराळे होते. आपल्या घरांतले वासरू गोठ्यात पोहोचताच बडोद्यास 'वाछरडुं' होई, बेळगावकडे 'करु', हैदराबादेकडे 'दूड', माळव्यात 'केडा'. मराठी कुटुंबे दोन-दोनशे वर्षे परमुलखात राहिली, तेथली भाषा ती दरबारात आणि बाजारात शिकली असे आपण समजतो. आमच्या मते तिचा पुष्कळ भाग मुलांनी गोठ्यात उचलला आणि तो शिकवणारा त्याच वयाचा गुराखी होता.

दगडावर आणि अभंगात

एवढे महत्त्वाचे काम करणाऱ्या मुलाचा इतिहासात ठाव कोठे लागतो? दक्षिण महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा या पट्ट्यात गावाच्या वेशीवर वीरगळ आढळतात. त्यांतील काहींच्या खालच्या पट्टीत गाई कोरलेल्या असतात. शत्रूने किंवा लुटारूंनी गावचे गोधन हाकून नेले असता ते सोडवताना जो पडला, त्याचे ते स्मारक. गुरे ही संपत्ती होती आणि तिच्यासाठी माणसे मरत, याचा हा दगडी पुरावा आहे. त्यावर तलवार घेतलेला प्रौढ वीर दिसतो. रोज ती गुरे राखणारे मूल दिसत नाही.

भक्तिपरंपरेत त्याला जागा मिळाली, ती देवाच्या रूपाने. कीर्तनाच्या शेवटी होणारा काला हा मुळात गुराख्यांच्या शिदोऱ्यांचा काला आहे. सगळ्यांच्या भाकऱ्या एकत्र कालवून वाटून खाण्याचा हा प्रसंग संतांनी जातिभेदावरचा उतारा म्हणून उचलून धरला. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात पंढरपूरच्या देवतेचे मूळ गवळी-धनगरांच्या पशुपालक जीवनात शोधले, हेही या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. पण काल्यातला गोपाळ हा नंदाघरचा आहे. त्याला मालक नाही आणि त्याच्या मजुरीचा प्रश्नही नाही.

जनावराची निगा राखणाऱ्या प्रत्यक्ष मुलाचा स्वर जुन्या मराठीत आम्हांला एकाच ठिकाणी स्पष्ट ऐकू येतो. तो संत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनपर अभंगांत. १६२८ साली वेरूळजवळच्या देवगावी जन्मलेल्या या मुलीचे लग्न अगदी लहानपणी झाले. घरावर आपत्ती आल्याने आईवडील, पती आणि ती असे सर्व गाव सोडून फिरत फिरत कोल्हापुरास पोहोचले. तेथे ज्या वैदिक ब्राह्मणाच्या आश्रयाने ते राहिले, त्याला दानात मिळालेली कपिला गाय पुढे या कुटुंबाकडे आली. तिच्या वासराला बहिणाबाईंचा एवढा लळा लागला, की ते तिच्या हातूनच चारा-पाणी घेई, पाणवठ्यावर तिच्यामागे जाई आणि जयरामस्वामींच्या कीर्तनालाही तिच्याबरोबर येई. एकदा गर्दीमुळे वासराला बाहेर काढले, तेव्हा ते हंबरू लागले आणि स्वामींनी त्याला आत बोलावून घेतले. पुढे लोकांनी कागाळी केली. पतीने तिला मारहाण केली. त्या दिवसांत गाय-वासरांनी चारा तोडला आणि अखेर वासरू गेले. त्यानंतरच्या विकल अवस्थेत तिला तुकोबांचे स्वप्नदर्शन झाले, असे तिने सांगितले आहे. जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२९ साली या अभंगांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हापासून मराठीबाहेरच्या अभ्यासकांचेही लक्ष या आत्मकथेकडे गेले.

या कथेतील चमत्कार बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. सुमारे अकरा वर्षांच्या मुलीला आपल्यावर विसंबलेल्या जनावराविषयी काय वाटत होते, ते तिने मोठेपणी स्वतःच्या शब्दांत नोंदवले. तिला सासरी-माहेरी स्वतःचे म्हणावे असे काही नव्हते. वासराच्या बाबतीत मात्र तिचा अधिकार चाले. आणि तो अधिकार मोठ्यांना खटकला, तेव्हा प्रथम तिलाच मार बसला. गोठ्यातल्या मुलींविषयी आणखी एक सांगितले पाहिजे. शेण काढणे, गोवऱ्या थापणे, ताक घुसळणे ही कामे त्यांच्याकडे असत. ती घरातली असल्यामुळे त्यांना कोणी काम म्हणत नसे आणि म्हणून त्यांना सुटीही नसे.

कोंडवाडा आणि कुरण

एकोणिसाव्या शतकात गुराखी पोराची सरकारशी गाठ पडू लागली. १८७१ च्या कायद्याने इंग्रजी मुलखात कोंडवाड्यांची व्यवस्था पक्की झाली. परक्या पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालायचे आणि मालकाने दंड व खुराकीचे पैसे भरून ते सोडवायचे. मालक तो दंड भरून येई आणि घरी आल्यावर त्याची वसुली पोराच्या पाठीवर होई. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या चराईसाठी मोकळे असलेले डोंगरउतार राखीव होऊ लागले. गुरे चारायला दूर न्यावी लागली, चुकून हद्द ओलांडली तर जंगलखात्याच्या शिपायाचे भय निर्माण झाले.

हे दुखणे नेमके ओळखणारा माणूस जोतीराव फुले हा होता. 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ च्या पुस्तकात त्यांनी जंगलखात्याने चराईची राने घेतल्यामुळे शेतकऱ्यांच्या जनावरांची काय अवस्था झाली, ते कडवट भाषेत मांडले आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १८८२ मध्ये, हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. शेतकरी आणि इतर गरीब वर्ग शाळेचा लाभ का घेत नाहीत, याचे कारण त्यांनी तेथे सरळ सांगितले. दारिद्र्यामुळे गुरे राखायला आणि शेताची देखरेख करायला त्यांना आपली मुलेच लागतात. म्हणून किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि अशा मुलांना उत्तेजनार्थ शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत, अशी त्यांची मागणी होती. शेतकऱ्याला शिक्षणाची गोडी नाही, असा तोवरचा सोयीस्कर समज होता. फुल्यांनी त्या समजाच्या जागी गुराख्याचे मूल उभे केले.

'असूडा'च्या उपोद्घातात फुल्यांनी एका श्रोत्याचा आदराने उल्लेख केला आहे. राज्यकारभारातून वेळ काढून ज्यांनी हा मजकूर त्यांच्याकडून वाचून घेतला, ते बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. येथून या विषयाचा धागा थेट आपल्या वाचकांच्या एका गावाशी जोडला जातो.

बडोद्याचा प्रयोग

सयाजीरावांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. १८७५ साली बाराव्या वर्षी दत्तकविधान होऊन ते बडोद्यास आले, तोपर्यंत त्यांचे नियमित शालेय शिक्षण झालेले नव्हते. ज्या वयात गावातली मुले गुरांमागे जातात, त्या वयात या मुलापुढे धुळाक्षरांपासून राज्यशास्त्रापर्यंतचा अभ्यास मांडला गेला आणि सहा वर्षांत, १८८१ च्या अखेरीस, त्याने राज्याची सूत्रे हाती घेतली. शिकवले तर शेतकऱ्याचे मूल काय करू शकते, याचे उदाहरण त्यांना बाहेर शोधावे लागले नाही.

१८९३ साली त्यांनी काठेवाडातील अमरेली गाव आणि आसपासची नऊ खेडी यांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. तो चालू असतानाच १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. विक्रम संवत १९५६ मधील म्हणून गुजरातेत तो 'छप्पनियो' या नावाने आजही ओळखला जातो. चाऱ्याअभावी गुजरात-काठेवाडात गुरांचा अक्षरशः संहार झाला. अशा आपत्तीतून बाहेर पडणाऱ्या शेतकऱ्याला उरलेले जनावर जगवण्यासाठी घरातला प्रत्येक हात हवा होता. तरीही १९०६ साली सक्तीचा कायदा संपूर्ण संस्थानाला लागू करण्यात आला. सात ते बारा वर्षांचे मुलगे आणि सात ते दहा वर्षांच्या मुली यांना शाळेत पाठवणे पालकांवर बंधनकारक झाले. न पाठवल्यास दंड होता.

दंडाची ही बाजू आजच्या वाचकाला कठोर वाटेल, आणि तिच्यावर त्या काळीही टीका झाली. दंड भरून मूल गुरांमागे ठेवणारे पालक होते. त्यांच्या बाजूने विचार केला तर त्यांचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही, कारण मोठा गुराखी ठेवायचा तर त्याला त्याहून अधिक द्यावे लागले असते. पण दंडामुळे एक गोष्ट प्रथमच घडली. गुराखी पोराच्या दिवसाला सरकारदरबारी किंमत आली. तो शाळेत नसणे ही गैरहजेरी ठरली आणि गैरहजेरी मांडायची तर आधी पटावर त्याचे नाव लिहावे लागले. घरच्या आठवणींत ज्याला नाव नव्हते, ते शाळेच्या हजेरीपटावर आले. पुढे १९१० पासून संस्थानात गावोगाव वाचनालये उभी राहिली, तीही शाळा सोडून पुन्हा शेतावर गेलेल्या मुलाचे वाचन सुटू नये या विचाराला धरूनच होती.

मुलींची मर्यादा दहाव्या वर्षीच का थांबली, हे वेगळे सांगायला नको. त्या वयानंतर त्यांची वाट गोठ्याकडे, चुलीकडे आणि सासराकडे जाते, असे कायदा करणाऱ्यांनीही गृहीत धरले होते.

कलकत्त्यापर्यंत आणि परत कागलला

बडोद्याचे उदाहरण समोर ठेवून गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते अतिशय सावध होते. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती सक्ती, तीही स्थानिक संस्थांनी मनावर घेतले तरच. आणि आजार, घरची निकड व शेतीच्या हंगामाची गरज ही गैरहजेरीची मान्य कारणे. म्हणजे गोखल्यांनी गुराख्याच्या बापाची अडचण आधीच मान्य केली होती. तरी १९१२ च्या मार्चमध्ये विधेयक मोठ्या मताधिक्याने फेटाळले गेले. विरोध करणाऱ्यांत सरकारी सभासदांबरोबर आपल्याकडचे जमीनदारही होते. खेड्यातली मुले शाळेत गेली तर शेतात राबणार कोण, ही त्यांची काळजी होती. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात सक्तीचा कायदा झाला, पण तो नगरपालिकांपुरता. गुरे तर खेड्यांत होती.

करवीर संस्थानात मात्र छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले. त्याच कागलमध्ये १९३५ साली आनंद यादव यांचा जन्म झाला. त्यांची 'झोंबी' (१९८७) ही आत्मचरित्रात्मक कादंबरी आपल्या अनेक वाचकांच्या संग्रही असेल. शाळेची ओढ असलेला मुलगा, त्याला शाळेतून काढून मळ्यात आणि गुरांमागे जुंपणारा बाप आणि त्या मुलाने शिकण्यासाठी दिलेली झुंज हा तिचा विषय. कायदा होऊन पाव शतक लोटले होते, कायदा करणारा राजा त्याच गावचा होता, तरी हे घडले. 'झोंबी'ला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तही (१९५५) औंध संस्थानातल्या धनगरवस्तीवर आलेल्या तरुण मास्तरापुढे पहिला प्रश्न हाच उभा राहतो, की मेंढरांमागे जाणारी पोरे शाळेत आणायची कशी.

या दोन पुस्तकांमुळे कायद्याच्या कागदात न दिसणारी एक बाब समजते. बाप दुष्ट होता म्हणून पोर गुरांमागे गेले, असे सरसकट म्हणता येत नाही. तीन-चार एकरांच्या कोरडवाहू शेतात जनावर राखायला पगारी माणूस परवडत नाही. पोर हेच त्या शेताचे भांडवल. ज्याच्या शेतावर दुसऱ्याचे पोर पोटावारी ठेवता येई, त्याचे स्वतःचे पोर शाळेत जाई. आपल्या घराण्यांतली मुले सुटीत गुरे राखू शकली, याचे कारण उरलेले दहा महिने ती दुसरे मूल राखत होते.

सुटी या शब्दाचा अर्थ

स्वातंत्र्यानंतर हे चित्र दोन्ही बाजूंनी बदलले. मुंबई राज्यात १९४८ चा कूळकायदा आला आणि राज्यात विलीन झालेल्या बडोद्याच्या मुलखालाही तो पुढे लागू झाला. मध्यभारतात १९५१ च्या कायद्याने जहागिरी गेल्या. आपल्यातील कित्येक कुटुंबांचा गावच्या जमिनीशी असलेला संबंध त्या दशकात तुटला. तो कसणाऱ्याला मिळाला, हे न्यायाचेच झाले. पण त्याबरोबर मुलांच्या सुट्ट्यांचा गोठाही गेला. दुसरीकडे बडोद्याशेजारच्या आणंद येथे १९४६ मध्ये स्थापन झालेल्या दूध उत्पादक संघाचा नमुना १९७० पासून दूधमहापूर योजनेतून देशभर गेला. गाय-म्हैस चरायला जाण्याऐवजी दारात बांधून खाऊ लागली, संकरित जनावरे आली, नांगराला ट्रॅक्टर जुंपला गेला. गायराने आक्रसली. सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर दुधाची किटली पोचवणे हे मुलांचे नवे काम झाले आणि ते शाळेच्या वेळेआधी उरकण्याजोगे होते.

तरीही बारमाही गुराखी संपला नाही. हैदराबादच्या भोवतालच्या रंगारेड्डी जिल्ह्यात मामिडीपूडी वेंकटरंगय्या प्रतिष्ठानाने १९९१ पासून जे काम केले, ते या दृष्टीने आपण जाणून घेण्यासारखे आहे. तेथे घरच्या कर्जापोटी सालाने ठेवलेली, जमीनदारांची गुरे राखणारी मुले होती. प्रा. शांता सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांना सोडवले, शिबिरांत ठेवून वयाच्या बरोबरीच्या इयत्तेपर्यंत आणले आणि शाळेत घातले. शाळेबाहेर असलेले प्रत्येक मूल बालमजूरच समजावे, घरचे काम आणि परक्याचे काम असा भेद करू नये, अशी त्यांची भूमिका होती. सिन्हा यांना २००३ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तेव्हा फुल्यांच्या निवेदनाला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली होती.

या दीर्घ वाटचालीचा अलीकडचा टप्पा आमच्या विषयाशी विशेष जवळचा आहे. बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवण्यास तिने बंदी केली आणि एक अपवाद ठेवला. मुलाने शाळा सुटल्यावर किंवा सुटीच्या काळात, धोका नसलेल्या कामात, आपल्या कुटुंबाला मदत केली तर ती मजुरी समजली जाणार नाही. या अपवादाआड घरोघरचे कष्ट पुन्हा दडतील आणि त्याचा भार गरीब घरांतील मुलांवर, विशेषतः मुलींवर पडेल, अशी टीका तेव्हा झाली. ती दुर्लक्षिण्यासारखी नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहता या तरतुदीने आपल्या गोठ्यातल्या त्या दोन मुलांमधली रेषाच शब्दांत पकडली आहे. वासराला पाणी पाजणे हे दोघांचे काम सारखेच होते. एकाला जून महिन्यात ते सोडून जाता येत होते, दुसऱ्याला येत नव्हते. वासराचा लळा, उन्हातली राखण, पहिल्या पावसाआधीची लगबग हे बालपणाचे सुख ठरते की बालपणाची किंमत, हे त्या एका गोष्टीवर ठरले.

आता बहुतेक गोठ्यांत दोन्हींपैकी कोणतेच मूल नाही. पाहुण्या मुलाचे शेत उरले नाही आणि गुराख्याचा नातू बव्हंशी शाळेत आहे, याचा आनंदच मानला पाहिजे. नाकपुडी पाहून जनावराचे दुखणे ओळखणारी नजर त्याबरोबर गेली, याची हळहळही वाटते. दोन्ही भावना एकाच वेळी मनात ठेवाव्या लागतील. हळहळीपोटी जुनी व्यवस्था परत यावी असे कोणी म्हणू नये, आणि व्यवस्था अन्यायाची होती म्हणून त्या मुलांचे ज्ञान क्षुल्लक होते असेही म्हणू नये.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी जुन्या रोजकीर्दी, खतावण्या आणि शेतीच्या हिशेबाच्या वह्या अद्याप आहेत. काही मोडीत, काही बाळबोधीत. त्या आजवर आपण वतने, सनदा आणि वंशावळी यांसाठी चाळल्या. आमची विनंती अशी, की त्यांतील गोठ्याचा खर्च एकदा वेगळा काढून वाचावा. सरकी, पेंड, नाल आणि दोरखंड यांच्या रकमांलगत गुराख्याला दिलेले धान्य, घोंगडी आणि वहाणा मांडलेल्या असू शकतात. क्वचित त्याच्यापुढे नावही असेल. असे नाव सापडले तर ते उतरून घ्यावे. ज्या वर्षी ते वहीत दिसते, त्या वर्षी आपल्या घरातली कोणती मुले कोणत्या शाळेत होती, तेही त्याच्या शेजारी लिहावे. बडोदे किंवा कोल्हापूर संस्थानांतले गाव असेल आणि शाळेचे जुने पट उपलब्ध असतील, तर ते नाव पटावर चढले का, हेही शोधता येईल. आपल्या घराण्यांचा इतिहास त्यामुळे लहान होणार नाही. त्यात राहून गेलेली एक ओळ भरून निघेल.